अण्णांच्या गळ्याचं मॉडेल

“कोण आलंय? वैजू, कोण आलंय गं घरात?”

आई भिंत चाचपत उठायला लागली. घरात कुणीच आलं नव्हतं. तिच्यापासून हातभर अंतरावर अण्णा बसले होते. टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावून त्यांनी तिला नुसती ‘मालन’ म्हणून हाक मारली होती.

“आई, अण्णाच आहेत. यंत्रातून बोलतायत.”

“हे अण्णा?” ती परत खाली बसली, पण अंग चोरूनच. “बोला बघू अजून.”

अण्णांनी यंत्र पुन्हा गळ्याला टेकवलं आणि ओठ हलवले. यंत्राच्या टोकाची चकती थरथरते, ती थरथर गळ्यातून तोंडात जाते आणि ओठ-जीभ तिचे शब्द करतात. आवाज आला तो गिरणीच्या पट्ट्यासारखा, एका सुरात. “मालन, चहा घेणार.” अण्णा विचारत होते, पण त्या यंत्राला विचारणं आणि सांगणं सारखंच होतं.

“विचारताय का सांगताय, तेच कळंना मला,” आई म्हणाली. “का रागावलाय?” मग माझा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड वळवून म्हणाली, “दवाखान्याचं हाय ना ते? दवाखान्याला परत देऊन टाक बाई. हाताला धरून बोलत्यात तेच बरं हाय.”

अण्णांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘बरोबर आहे तिचं. मीपण दचकलो.’ मग हसले. आवाज नसल्यामुळे खांदे तेवढे हलले.

अण्णा, म्हणजे रघुनाथ भोईटे, फलटणच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर होते. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या. नोंदी कुणीही ठेवल्या असत्या, पुकारावं मात्र त्यांनीच. “लोणंद मार्गे साताऱ्याला जाणारीऽ” असं म्हणत ते आवाज वर नेऊन असा काही थांबवायचे, की शेंगा सोलत बसलेली माणसं हात थांबवून वर बघायची. आमचं घर स्टँडामागच्या गल्लीत. दुपारची म्हसवड गाडी पुकारली की आई तवा ठेवायची, कारण त्यानंतर अण्णा जेवायला यायचे. ती त्यांच्याआधी कधीच जेवायची नाही. तिला शुगर लागल्यापासून तर अण्णा रोज त्यावरून कावायचे आणि तिनं रोज दुर्लक्ष करायचं, असा आमच्या घरचा शिरस्ता होता.

पुढं शुगरनं आईचे डोळे नेले. अण्णा निवृत्त झाले आणि त्यांच्या घशात गाठ निघाली. तंबाखू आमच्या घरात सकाळी देवाच्याही आधी हातात घेतली जायची, त्यामुळे बोल कुणाला लावणार? ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, श्वासासाठी गळ्याखाली भोक ठेवलं, किरणं दिली. माणूस वाचला, आवाज गेला. एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला लिहिलेलं दिसत नाही, असा संसार घरात उरला.

त्यातूनही दोघांनी वाट काढली होती. आई विचारायची आणि तळहात पुढं करायची. अण्णांनी एकदा बोट टेकवलं की हो, दोनदा टेकवलं की नाही. काम भागत होतं. पण सगळं विचारायचं ते आईनंच. तिला काही विचारायची सोय अण्णांना उरली नव्हती, आणि तेच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. नाहीतर भाड्याचं यंत्र असं हौसेनं गळ्याला लावणारा माणूस तो नव्हे.

“मी करते तुमच्यासाठी,” मी म्हणाले. “अंगठ्यानं बटण दाबलं की आवाज वर चढेल, सैल सोडलं की उतरेल. विचारलेलं विचारल्यासारखं वाटेल.”

‘जमेल?’ अण्णांनी लिहिलं.

“मग इतकी वर्षं पुण्यात मी काय करते असं वाटतं तुम्हाला?”

मी भोसरीतल्या एका लहानशा कंपनीत होते. कुठलंही सर्किट आधी कॉम्प्युटरमध्ये चालवून बघायचं आणि मगच त्याचा बोर्ड छापायला पाठवायचा, अशी तिथली रीत. आता कॉम्प्युटरला काही खरा ट्रान्झिस्टर माहीत नसतो. तो किती वीज सोडतो, तापला की कसा बिथरतो, हे सगळं आकड्यांत लिहून द्यावं लागतं. त्याला त्या भागाचं मॉडेल म्हणतात. ती मॉडेलं लिहिणं हे माझं काम. मॉडेल खरं असलं की पडद्यावर दिसतं तेच पुढं टेबलावर घडतं. खोटं असलं की छापून आलेला बोर्ड समोर ठेवून कपाळ बडवायचं.

इरफान बागवान माझे वरिष्ठ. सर्किट पडद्यावर नीट चाललं की आम्ही मोठ्या कौतुकानं त्यांना बोलवायचो. ते चहाचा कप खाली न ठेवताच विचारायचे, “वाईट दिवस लावलास का?” वाईट दिवस म्हणजे सगळे भाग एकदम आपापल्या सगळ्यात वाईट आकड्यावर न्यायचे. बॅटरी उतरलेली, ऊन भर मे महिन्यातलं, प्रत्येक सुटा भाग जेमतेम पास झालेला. एवढ्यातून सर्किट तरलं तरच बोर्ड छापायला जायचा. त्यांच्या या प्रश्नाला ऑफिसात सगळे टरकून असायचे.

अण्णांच्या यंत्राचे सगळे भाग बाजारात मिळत होते आणि त्यांची मॉडेलंही. एकाच भागाचं मॉडेल कुणाकडे नव्हतं. ज्याच्यावर ती थरथरणारी चकती टेकवायची, त्या गळ्याचं.

“मग मोजून आण,” इरफानभाई म्हणाले. “चकतीतून जाड-बारीक आवाज सोडायचे आणि गळा कशाला किती दाद देतो ते लिहायचं. आधी माझ्या गळ्यावर सराव कर. घरी जाऊन वडिलांना ताटकळत ठेवू नकोस.”

मी त्यांचा गळा मोजला आणि रविवारी फलटणला जाऊन अण्णांचा. दाढी करायला बसावं तसे अण्णा अंगणात खुर्चीवर मान वर करून बसले. आई दारात बसून नुसत्या आवाजावरून विचारत होती, “आता काय करतीय? आता?” मोजलेल्या आकड्यांवरून मी गळ्याचं मॉडेल बसवलं. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तो गळा म्हणजे तीन बारीक भागांची जोडणी होती. यादीत ट्रान्झिस्टर आणि कॉइलच्या खाली मी ‘अण्णा’ असं नाव टाकलं.

अण्णांनी ते लॅपटॉपवर वाचलं आणि पाटीवर लिहिलं, ‘माल चांगला आहे का?’

“वापरलेला आहे,” मी म्हणाले. “गॅरंटी नाही.”

त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. काय झालं म्हणून आई विचारत राहिली आणि मला ते तिला धड सांगता येईना, कारण मीही हसत होते.

सर्किट पडद्यावर सुरेख चाललं. बटणावरचा जोर वाढवला की लहर दाट होत जायची, आवाज चढायचा. इरफानभाई कप घेऊन आले.

“वाईट दिवस?”

“सगळ्यांचा लावला. गळ्याचा काय लावू ते कळत नाही. वाईट गळा म्हणजे किती वाईट?”

“अजून एकदा मोजून आण. दोन मोजण्यांत जेवढा फरक पडेल, त्याच्या दुप्पट धरू.”

मी मोजून आणलं आणि दोन्ही मोजण्यांच्या रेषा पडद्यावर मांडल्या, तर त्यांचा मेळच बसेना. नवा गळा जुन्याहून कितीतरी ताठ. मी वायर बदलली. चकती दुसरी लावली. मी चिडून स्वतःलाच काहीबाही बोलत होते. इरफानभाई शेजारी बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, “माझा मोज.”

त्यांचा गळा पहिल्या वेळेइतकाच भरला. रेषेवर रेष.

चकती कापडानं पुसत ते जरा वेळ बसले. “तुझं मोजणं चुकलेलं नाही, वैजू,” ते म्हणाले. “गळा बदललाय.”

पडद्यावरची ती दुसरी रेष काय म्हणतेय ते मला एकदम कळलं. डॉक्टरांनी सांगावं अशी गोष्ट मी स्वतःच मोजून बॅगेतून घेऊन आले होते. उरलेल्या दिवसाची रजा टाकून मी मिळेल ती गाडी धरली.

घरी पोचले तेव्हा दोघं जेवायला बसले होते. मी उंबऱ्यातच थांबले. आई भाकरी खात होती. शेजारी अण्णा वाटी ताटावर आपटत होते, चमचा फिरवत होते, भाकरीचा तुकडा मोडून बोटं ताटाला घासत होते. तो तुकडा मांडीवरच्या पंच्यात गेला. त्याच्यामागोमाग दुसरा गेला.

“भाकरी घेतली का अजून?” आईनं हात पुढं केला.

अण्णांनी एकदा बोट टेकवलं. हो.

मग त्यांनी मला पाहिलं. आवाज नसलेल्या त्या माणसानं मला गप्प राहा म्हणून ओठांवर बोट ठेवलं.

आई लवंडल्यावर आम्ही अंगणात बसलो. मी चकती नेहमीसारखी त्यांच्या गळ्याच्या डाव्या बाजूला न्यायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरून ती उजवीकडे, मऊ भागावर आणून ठेवली. म्हणजे त्यांना माहीत होतं.

“कधीपासून?”

‘दिवाळीपासून. फक्त पेज जाते,’ त्यांनी लिहिलं.

“डॉक्टर काय म्हणाले?”

‘परत आलंय. आता कापत नाहीत.’ अंगठ्यानं ते पुसून खाली लिहिलं, ‘तिला नको सांगू. जेवायची नाही.’

मला रडू आवरेना. आईला ऐकू जाईल म्हणून पदर तोंडात कोंबून मी रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग पाटी माझ्या गुडघ्यावर ठेवली. ‘बोर्ड कधी?’

“छापून यायला महिना तरी लागेल. मग भाग बसवायचे.”

त्यांनी मान हलवली. कुठली गाडी वेळेवर येणार आणि कुठली नाही हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. ‘त्याआधी काही होतं का बघ,’ त्यांनी लिहिलं. ‘एकदा तरी मला तिला विचारायचंय.’

काय विचारायचंय ते त्यांनी लिहिलं नाही.

पुण्याला परतताना लोणंदला गाडी थांबली तेव्हा मला सुचलं. पडद्यावरची लहर म्हणजे शेवटी आकडेच. ते आकडे आवाज म्हणून साठवता येतात. न बनलेल्या सर्किटातून जे बाहेर पडलं असतं, तेच लॅपटॉपमधून चकतीत सोडलं तर? मी इरफानभाईंना सांगितलं.

“होईल,” ते विचार करत म्हणाले. “पण उलटा कारभार आहे. त्यांनी बटण आधी दाबायचं, ते आपण सर्किटला द्यायचं, कॉम्प्युटर हिशेब करणार आणि मग वाजणार. तोंड त्या मापानं हलवावं लागेल.”

“अण्णांची सगळी नोकरी घड्याळाच्या मापानं बोलण्यात गेलीय.”

“आणि एका वेळी एकच वाक्य. लगेच दुसरं नाही.”

“एकच होऊ दे. पुढची करत राहू.” मग मी सवयीनं विचारलं, “वाईट दिवसाचं काय करू? गळ्याचा?”

इरफानभाईंनी लॅबमधला छोटा ॲम्प्लिफायर माझ्या पिशवीत ठेवला. “वेगळा कशाला लावतेस?” ते म्हणाले. “मोजूनच आणलायस की.”

त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

मी परत गेले तेव्हा अण्णा आणखी वाळले होते. मी गळा पुन्हा मोजला, उजव्या बाजूनं. ‘अण्णा’ नावाच्या मॉडेलमध्ये त्या दिवसाचे आकडे भरले आणि बटण त्यांच्या हातात दिलं. “काय म्हणायचंय?” त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचं गुपित होतं ते. डोळे मिटून, ओठ हलवत, त्यांनी अंगठा हलकेच दाबला, सोडला आणि शेवटाला जोरात दाबत नेला. अगदी थोडकंच होतं. म्हटलं, एवढ्या खटाटोपातून एवढंसंच?

कॉम्प्युटरनं हिशेब केला. मी चकती टेबलावर ठेवून वाजवली. नुसतीच गुणगुण, पण शेवटी वर चढणारी. अण्णा ताठ झाले. मग माझ्याकडे पाठ करून त्या गुणगुणीच्या मापानं तोंड हलवायचा सराव करत बसले. चुकलं की बोटानं खूण करायचे, परत. परत. घामाघूम झाले तरी ऐकेनात.

संध्याकाळी आईचं जेवण झाल्यावर मी तिला त्यांच्यासमोर बसवलं.

“परत ते यंत्र?” तिनं तोंड वाकडं केलं.

“ते नाही आई. हे वेगळं. अजून बनलेलंच नाही.”

“बनलंच न्हाई ते बोलणार कसं? तुझं आपलं कायतरीच.”

अण्णांनी चकती गळ्याच्या उजव्या बाजूला टेकवली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. कंट्रोलरच्या खिडकीतून ड्रायव्हरला हलवायचे तशीच. मी लॅपटॉपचं बटण दाबलं.

“जेवलीस काऽ?”

आवाज अण्णांचा नव्हता. तो कुठून येणार? पण तो ‘का’ त्यांचा होता, वर नेऊन थांबवलेला. रोज दुपारी पायरीवर चप्पल काढता काढता ते हेच विचारायचे आणि मग भांडण सुरू व्हायचं.

आईची मान झटकन वर झाली. “जेवले,” ती म्हणाली. इतकी वर्षं उत्तर जिभेवर तयार असावं तशी. लाजलीही थोडी. आणि लगेच तिनं विचारलं, “तुम्ही?”

माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे. चकती गळ्यालाच होती. त्यांचे ओठ हलले, पण गुणगुण नसल्यामुळे नुसते हलले. मग त्यांनी चकती खाली ठेवली, आईचा तळहात हातात घेतला आणि एकदा बोट टेकवलं.

आई थांबली. दुसऱ्यांदा बोट टेकतंय का, याची ती वाट बघत राहिली. ते टेकलं नाही. तिनं हळूच मूठ मिटली आणि त्यांचं बोट मुठीत धरून ठेवलं.

दुसरं वाक्य झालंच नाही. त्याच आठवड्यात अण्णांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि ते घरी आले नाहीत.

बोर्ड छापून आला तो सगळं दिवसकार्य उरकल्यावर. इरफानभाईंनी स्वतः भाग बसवले. गळ्याच्या जागी ते तीन बारीक भाग जोडले, शेवटच्या मोजणीच्या आकड्यांचे. पडद्यावरची लहर आणि टेबलावरची लहर एकमेकींवर ठेवली. “तंतोतंत,” ते म्हणाले, आणि वाईट दिवसाचं काही विचारलं नाही. मॉडेल इतकं खरं उतरलेलं माझ्या नोकरीत दुसरं नव्हतं, आजही नाही. याला आता पंधरा वर्षं होत आली, तरी मला त्याचा आनंद करता आलेला नाही.

ते सगळं सामान घेऊन मी फलटणला गेले. आई म्हणाली, “त्या दिवशीचं ते हाय का गं? लाव ना.”

“आई, बोलायला तोंड लागतं. शब्द यायचे नाहीत. नुसतीच थरथर येईल.”

तिनं तळहात पुढं केला. मी त्यावर चकती ठेवली आणि तीच साठवलेली लहर लावली. तिच्या हातात ते हलकं थरथरलं आणि शेवटी चढत गेलं.

“वर जातंय बघ,” ती म्हणाली. “पायरीवरनं अस्संच विचारायचे.”

तिनं चकतीवर मूठ मिटली.

“ताट वाजवायचे माझ्याशेजारी बसून,” ती म्हणाली. “मला डोळं न्हाईत, कान हायत की. चावल्याचा आवाजच यायचा नाही.”

“तू बोलली नाहीस कधी.”

“त्यांचं एवढं चाललं होतं माझ्यासाठी. कशाला मोडायचं?” तिनं तळहात पुन्हा सरळ केला. “परत लाव.”

मी परत लावलं. चकती थरथरली, शेवटी वर चढली आणि थांबली.

“जेवले,” आई म्हणाली.

तुम्ही, असं तिनं या वेळी विचारलं नाही.